परतीचा रकाना

बुधवार, १९ तारीख

मिस्त्री,

फोनवर मी बोलते आणि तू नुसतं हं हं करतोस, त्यापेक्षा लिहून पाठव, असं परवा म्हणालास आणि फोन ताईंच्या हातात दिलास. ताईंनी 'ठेवू का?' असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ठेवला. तेव्हा हे घे, लिहिते. चौदा वर्षांच्या संसारात मी तुला सामानाच्या यादीखेरीज काही लिहिलेलं नाही. हे पत्र यादीसारखं झालं तर हसू नकोस.

रक्त पातळ ठेवायची गोळी जेवणानंतरच घ्यायची. पाय दोन उशांवर ठेवायचा, एका नव्हे. प्लास्टरच्या आत खाज सुटली तरी विणायची सुई घालायची नाही. तू घालशील हे मला माहीत आहे, म्हणून ताईंना सांग की सुया तुझ्या हाती लागतील अशा ठेवू नका. त्या तुझ्या थोरल्या बहीण आहेत, लहानपणापासून तुला ओळखतात, त्यांना कारण सांगावं लागणार नाही.

इथे सगळं तसंच आहे. आपला चौथा मजला अजून चौथ्याच मजल्यावर आहे. सगळ्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो, यावरचे शेजाऱ्यांचे विनोद आता मला एकटीला ऐकावे लागतात. प्लास्टरचा पाय घेऊन तुला इथे चढता आलं नसतं, ताईंचं घर तळमजल्यावर आहे, म्हणून तू तिकडे गेलास, असं मी सगळ्यांना सांगते. खरंही तेच आहे ना?

राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीतून पत्र आलं आहे. चौकशी पाच तारखेला, शुक्रवारी. फाटकावरच्या काकांना तोवर कामावरून बाजूला केलं आहे. सोबत नियमाचा कागद आहे. आत जाताना एका गटाने एकच ओळ भरायची: किती जण, कुठली वाट, परत कधी. बाहेर पडताना गटातल्या कोणीही परतीच्या रकान्यात आकडा लिहून सही करायची. सहाची घंटा झाली की फाटकावरच्या माणसाने दोन्ही आकडे जुळवायचे आणि जुळले नाहीत तर शोधायला माणसं पाठवायची. त्या शनिवारी सगळे आकडे जुळले होते. म्हणून कोणी निघालं नाही, आणि तू घोटा मोडून अठरा तास ओढ्याच्या काठी पडून राहिलास.

मी इस्पितळात तुझ्या पलंगाशी बसून जो जबाब लिहून दिला, तोच मला तिथे वाचून दाखवायचा आहे. तुला तो पाठ असेल. साडेचारला मी एकटी फाटकावर आले, दमले होते, लक्ष ठिकाणावर नव्हतं, सवयीने '२' लिहिलं आणि सही केली. फाटकावर मला कोणी काही विचारलं नाही. सकाळी तू आला नाहीस असं दिसताच मी कळवलं. एवढंच आहे.

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. तुझी पान्यांची पेटी काढली होती, पण त्यात सतरा पाने निघाले. मी पेटी बंद करून ठेवली आणि नळाखाली पातेलं लावलं.

तुझी,
मोजणी

सोमवार, २४ तारीख

मिस्त्री,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान लिहिलंस, म्हणजे तुझ्या मानाने ग्रंथच. 'चूक माणसाच्या हातून होते, मनाला लावून घेऊ नकोस, ताईलाही मी हेच सांगितलं आहे.' ते वाक्य मी तीनदा वाचलं. मग पत्र घडी घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं, जिथे आपण चोराच्या भीतीने गोष्टी ठेवतो.

आज मेट्रन बाईंनी बोलावलं होतं. त्यांनी आधी दार लावलं. म्हणाल्या, "तू आकडा चुकलीस? तू?"

तुला माझं काम माहीत आहे, पण तू ते कधी पाहिलेलं नाहीस. पोट उघडायच्या आधी मी गॉजचे तुकडे, सुया, चिमटे मोठ्याने मोजते. शिवायच्या आधी पुन्हा मोजते. दोन्ही आकडे जुळले की भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहून खाली दोन रेघा मारते आणि 'पूर्ण' म्हणते. मी पूर्ण म्हटल्याशिवाय कुठलेही डॉक्टर दोरा हातात घेत नाहीत, मग ते कितीही मोठे असोत आणि त्यांना घरी जायची कितीही घाई असो. एकोणीस वर्षांत माझा आकडा एकदाही चुकलेला नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांना मी पाऊण तास थांबवलं होतं. एक गॉज कमी भरत होता आणि ते म्हणत होते, तुझीच मोजणी चुकली असेल. तो पेशंटच्या पोटातच निघाला. तेव्हापासून तू मला मोजणी म्हणायला लागलास, आठवतं?

मेट्रन बाई म्हणाल्या, "चूक इथे झाली काय आणि जंगलात झाली काय, डोकं तेच. एक माणूस समोर नसताना दोन लिहिणारा हात मला टेबलाजवळ नको. चौकशी होऊ दे, मग बघू."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते आता आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी 'बरं' म्हणाले आणि खाली कोठीत गेले. आता मी दिवसभर तिथे हिरव्या चादरींच्या घड्या घालते. नवीन मुली येऊन चादरी नेतात आणि माझ्यासमोर मोजत नाहीत, तेवढा मान ठेवतात.

तुझ्या डॉक्टरांशीही मी बोलले. वर्षभर लिफ्टच्या विहिरीत उतरायचं नाही, शिड्या चढायच्या नाहीत, असं ते म्हणाले. त्याच संध्याकाळी आणलं असतं तर एवढं झालं नसतं, हे ते म्हणाले नाहीत. मला सांगायची गरजही नव्हती. सूज चढलेला पाय दुसऱ्या दिवशी टेबलावर येतो तेव्हा कसा दिसतो, ते मी त्यांच्याइतकंच पाहिलंय.

काकांच्या जबाबाची प्रत आली आहे, तुलाही आली असेल. सव्वीस वर्षं ते त्या फाटकावर आहेत. त्यांनी लिहिलंय: 'दोघं ना, असं मी बाईंना विचारलं होतं. बाई हो म्हणाल्या. पण त्या फार थकलेल्या दिसत होत्या, त्यांना आठवत नसेल. त्यांना दोष देऊ नये.' मी विचारात पडले. मला खरंच काही आठवत नाही. वय झालेल्या माणसाला वाटतं आपण विचारलं, रोज शंभर जणांना विचारतात, त्यात मलाही विचारलं असं त्यांना वाटत असेल.

तू घरमालकांना जागा सोडतो म्हणून सांगून ठेवलंस ना, त्याप्रमाणे लोक घर बघायला येऊ लागलेत. काल एक नवरा-बायको आले. नवरा वर पोचल्यावर पाच मिनिटं चौकटीला धरून नुसता उभा होता. बायकोने खिडकी उघडून बाहेर पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तिला लगेच छत गळतं म्हणून सांगितलं. छत गळत नाही, तुला माहीत आहे.

तुझी,
मोजणी

शुक्रवार, २८ तारीख

मिस्त्री,

एका ओळीचं कार्ड. टपालवाल्याला चार जिने चढवलेस ते एवढ्यासाठी? 'वहीच्या पानाची प्रत आली. आकड्याखाली दोन रेघा का मारल्यास?' खाली सहीसुद्धा नाही. मी पोचपावती देणारी कारकून आहे का?

सवय आहे, म्हणून मारल्या. एकोणीस वर्षं आकड्याखाली रेघा मारते. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरही मारते. तू स्वतः त्यावरून मला चिडवलं आहेस. आता एकाएकी त्यात काय दिसलं तुला?

आणि प्रश्नच विचारायचे असतील तर मलाही आहेत. चार दिवस कोठीत चादरींच्या घड्या घालताना मी तेच प्रश्न घोळवतेय.

त्या शनिवारी उद्यानातल्या टेहळणीच्या मनोऱ्याखाली आपण जेवायला बसलो होतो. अंडी सोलून झाली होती, संत्रं तू मला अर्धं दिलंस. समोर सगळी दरी, तळं, तळ्याच्या काठी हरणं. मी मनात म्हणत होते, कितीतरी वर्षांनी आपण दोघंच कुठेतरी आलोय आणि तुझ्या कमरेला पाना नाही. आणि तू म्हणालास, "पुढच्या महिन्यापासून तुला जिने चढायला नकोत." मला वाटलं आपल्या इमारतीत लिफ्ट बसणार. मी वेड्यासारखी हसलेसुद्धा. मग तू सांगितलंस की आपण ताईकडे राहायला जातोय, ताईंशी बोलणं झालंय, घरमालकांना सांगून झालंय, माझ्यासाठी तिकडच्या इस्पितळात शब्द टाकून झालाय. सगळं झालं होतं. फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

"तुझे गुडघे दुखतात म्हणून केलं," म्हणालास. माझे गुडघे माझे आहेत, मिस्त्री. ते दुखतात म्हणून मी तुला सांगितलं, कारण रात्री कोणाला तरी सांगावंसं वाटतं. त्यांची व्यवस्था लाव म्हणून नाही सांगितलं. तू समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे बंद पडलेली लिफ्ट म्हणून बघतोस.

मी बोलले. तू ऐकून घेतलंस, डबा बंद केलास आणि "चल, उशीर होईल" म्हणून चालू लागलास. पुढे. नेहमीसारखा पुढे. बाजारात, स्टेशनवर, माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेतसुद्धा तू माझ्या चार पावलं पुढे होतास. तुझ्या शर्टाची पाठ मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. उजव्या खांद्याखाली एक शिवण उसवलेली असते, कुठलाही शर्ट घातलास तरी.

म्हणून मी थांबले. मुद्दाम थांबले. वळणाच्या अलीकडे वाटेपासून थोडा आत एक सपाट दगड होता, त्यावर बसले आणि ठरवलं, हा माणूस किती वेळाने मागे बघतो ते पाहू. पाऊण तास बसले. तू आला नाहीस. एक हाकसुद्धा मारली नाहीस. मग मी उठले आणि एकटी फाटकाकडे गेले. आता सांग, दमलेल्या आणि संतापलेल्या बाईने एक आकडा चुकीचा लिहिला तर त्यात नवल काय? रेघांचं काय घेऊन बसलास?

तुझ्या गोळ्या संपत आल्या असतील. चिठ्ठी सोबत पाठवते.

मंगळवार, २ तारीख

मिस्त्री,

तुझ्याकडून काही आलं नाही. येणार नाही हे मला कळतंय. तू वाट बघतोयस. तेच तर तू सगळ्यांना शिकवतोस. लिफ्टमध्ये लोक अडकले की तू बाहेरून ओरडून सांगतोस, "जागा सोडू नका, दार उघडायला जाऊ नका, आम्हाला कळलंय, आम्ही येतोय." तसा तू ओढ्याकाठीही पडून राहिलास. सरपटत वाटेवर आला असतास तर कोणी सकाळी लवकर पाहिलं असतं, असं तिथल्या वनरक्षकाने इस्पितळात तुला म्हटलं, तेव्हा मी शेजारीच होते. तू म्हणालास, "कशाला? सहाची घंटा ऐकली मी. म्हटलं आता वही जुळवतील आणि येतील. माझी बायको आकडा चुकत नाही."

हे तू माझ्यासमोर म्हणालास आणि माझा हात धरलास. तो हात मी काढून घेतला. तुला वाटलं सुई टोचलेली जागा दुखेल म्हणून.

शुक्रवारी चौकशी आहे. तिथे मी जे सांगणार ते तू आधी वाचावंस, म्हणून आज लिहिते. उद्या-परवा पोचेल.

काकांनी विचारलं होतं. मला स्वच्छ आठवतंय. ते टेबलाशी बसून दोन्ही टोकांना तासलेल्या पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. मान खाली ठेवूनच म्हणाले, "दोघं ना?" मी म्हणाले, "हो, दोघं. हे पुढे गेले गाडीकडे." त्यात कोणाला खोटं वाटलं नसतं, कारण तू नेहमी पुढेच असतोस. मग मी २ लिहिलं. आणि रेघा सवयीने मारल्या नाहीत. काका आता मान वर करून गाडीकडे बघतील अशी मला भीती वाटली, म्हणून मारल्या. आकड्याखाली दोन रेघा दिसल्या की माणूस पुन्हा बघत नाही. एकोणीस वर्षं माझ्या रेघा बघून डॉक्टर पोट शिवतात. काकांनी तशीच वही मिटली.

मला काय हवं होतं ते सांगते. मला वाटलं, सहाला फाटकाला कुलूप लागेल, तू पोचशील, बाहेर मी नसेन. दहा-पंधरा मिनिटं कुंपण धरून उभा राहशील, हाका मारशील, मग कोणी येऊन उघडेल. एवढंच. एकदा तरी तू मला शोधावंस. तुझा पाय मोडला असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, पण हे खरं आहे.

आता मागच्या पत्रातली एक गोष्ट. तू हाक मारली नाहीस असं मी लिहिलं. तू मारली होतीस. मी दगडावर बसले होते आणि खालून, ओढ्याच्या बाजूने, "मोजणी" अशी एक हाक आली. मी ऐकली. मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी ओ दिली नाही. म्हटलं, अजून मार. दुसरी आली की उठते. दुसरी आली नाही. मला वाटलं, बघा, एका हाकेत दमला. त्या रागात मी फाटकावर गेले.

दुसरी हाक का आली नाही ते तू इस्पितळात सांगितलंस. वळणावर थांबलास, दहा मिनिटं वाट पाहिलीस, मग मागे आलास. मी दिसले नाही, तेव्हा तुला वाटलं ओढ्याकडे उतरली असेल, हिला पाणी दिसलं की पाय बुडवायचे असतात. म्हणून तू खालच्या वाटेला लागलास, हाक मारलीस आणि शेवाळावरून घसरलास. म्हणजे तू मागे वळला होतास, मिस्त्री. चौदा वर्षांत एकदा तू वळलास आणि मी तोंड मिटून बसले.

यानंतरचं मी कोणालाही सांगितलेलं नाही. एवढं लिहूनही थांबावंसं वाटतंय.

सहाची घंटा मीही ऐकली, फाटकाबाहेर आपण मुक्कामाला घेतलेल्या लाकडी खोलीच्या पायरीवर बसून. साडेसहा झाले, तू आला नाहीस. सात वाजता तिथल्या व्यवस्थापक बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "जेवण दोघांचंच लावू ना?" मी म्हणाले, "हो, दोघांचं." फाटकावरचं खोटं रागाचं होतं. हे खोटं रागाचं नव्हतं. सात वाजता मला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. तू कितीही रुसलास तरी जेवणाला उशीर करत नाहीस. पण कळवायचं म्हणजे आधी फाटकावर जाऊन सांगायचं, मी खोटा आकडा लिहिला. मला लाज वाटली. नुसती लाज, मिस्त्री, दुसरं काही नाही. दोन ताटं आली. मी माझं जेवले. हो, जेवले. तुझ्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि खुर्ची दाराकडे करून बसले. येईल, आता येईल, म्हणत राहिले.

आणि सकाळी कळवलं ते मी नव्हे. आठला बाई ताटं न्यायला आल्या, झाकलेलं ताट तसंच पाहिलं आणि विचारलं, "साहेब कुठे आहेत?" मी उठून पायरीवर आले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग धावत गेल्या. तुला वाचवलं ते एका झाकलेल्या ताटाने आणि त्या बाईंनी. मी पायरीवर उभी होते.

त्या रात्री थंडी किती होती ते मला ठाऊक आहे. मी दोन पांघरुणं घेतली होती.

मेट्रन बाईंना काल सांगितलं. म्हटलं, आकडा चुकले नव्हते, जाणूनबुजून लिहिला.  त्या म्हणाल्या, "म्हणजे डोकं ठीक आहे. पण आता मी तुझ्या रेघांकडे कशी बघू?"  चूक म्हटलं तर टेबल गेलं, खरं म्हटलं तर तू जाशील, असं मी इतके दिवस तोलत होते. दोन्ही जाऊ शकतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. या सगळ्या तोलण्यात सव्वीस वर्षं फाटकावर बसलेला माणूस माझ्यासाठी रदबदली करून घरी बसलाय, ते मी मोजलंच नव्हतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती मला आता लगेच नको आहे. ताईंना हे पत्र वाचायला दे. त्यांनी माझा फोन ठेवला ते बरोबर होतं.

मोजणी

शुक्रवार, ५ तारीख, दुपारी
कचेरीखालच्या बाकावरून

मिस्त्री,

हे मी माझ्या नोटिशीच्या पाठीमागे लिहितेय, पेन्सिल काकांची आहे. तू वर आत आहेस. त्यांना पुन्हा वर बोलावलंय, त्यांच्या हाती देते.

माझं झालं. जबाबाचा कागद मी वाचला नाही, बाजूला ठेवला आणि जे तुला लिहिलं ते बोलले, दोन ताटांसकट. चौकशीला बसलेल्यांतल्या मधल्या साहेबांनी वहीचं पान पुढे करून विचारलं, "या रेघा कशासाठी?" मी सांगितलं, "काकांनी पुन्हा बघू नये म्हणून." लिहून घेणाऱ्या बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी तेही लिहून घेतलं. माझं काय करायचं ते ते नंतर कळवणार आहेत. काकांना सोमवारपासून कामावर घेतील, असं निदान बोलताना तरी म्हणाले.

काका खाली येऊन माझ्या शेजारी बसले. मला वाटलं होतं रागावतील. म्हणाले, "मान वर करून बघायला हवं होतं मी. काम तेच होतं माझं. तुमच्या आवाजावर विश्वास ठेवला." मग मी लिहायला काही आहे का विचारलं, तर त्यांनी ही पेन्सिल दिली. दुसरं टोक तुटलंय, ते माझ्याकडून झालं.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मी आत बोलत असताना मागे दार वाजलं, पण वळून पाहायचा धीर झाला नाही. तू कितपत ऐकलंस ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा तू दुसऱ्या खोलीत गेला होतास आणि दार बंद होतं. आत तू काय सांगतोयस तेही माहीत नाही. ते तुझं आहे.

इथे दाराशीही एक वही आहे, भेटायला येणाऱ्यांची. सकाळी दहाला आले तेव्हा किती जण या रकान्यात मी '१' लिहिलं होतं. आता बाहेर पडताना बघते तर माझ्या ओळीखाली तुझं अक्षर. वेळ सव्वाअकरा, किती जण: '१'. तू वेगळी ओळ घेतलीस. बरोबर केलंस. तरी मी बराच वेळ ते दोन एक बघत उभी होते, मागच्या माणसाने खाकरेपर्यंत.

बाहेर पडल्याची वेळ मी माझीच लिहिली. तुझा रकाना मोकळा ठेवला आहे. कचेरी सहाला बंद होते. तोवर मी या बाकावर आहे. तू खाली येऊन माझ्यासमोरून ताईंकडे निघून गेलास तरी मी अडवणार नाही. पण सहा वाजता तो रकाना मोकळाच दिसला, तर मी वर येणार आहे, दारं वाजवणार आहे आणि दिसेल त्याला विचारणार आहे की माझा माणूस कुठे आहे.

इथली लिफ्ट बंद आहे, तुझे हात शिवशिवतील, तिच्या नादी लागू नकोस. जिन्याने ये. कठडा डाव्या बाजूला आहे, आणि खालून तिसरी पायरी हलते.